दोनशे अकरा चुकांचा उन्हाळा

नागपुरात एप्रिल सरत आला की कूलरवाला येतो, गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून काढतो आणि वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतो. त्यांच्यावर पहिल्यांदा पाणी सुटलं की खोलीभर जो वास पसरतो, त्याला मी अजून 'खस' म्हणते. वीज गेली की 'बत्ती गेली' म्हणते. या गावात येऊन वीस वर्षं उलटली तरी घरातले हसायचे थांबलेले नाहीत. बनारसच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाची मराठी अशीच असते. देव, नाती आणि स्वयंपाक मराठीत, उंबऱ्याबाहेरचं सगळं हिंदीत, आणि दोन्हींच्या मधला उंबरा बराच झिजलेला.

यंदा ताट्या बसल्या त्याच दुपारी माझी मुलगी सई त्या वासात बसून कॉलेजचं काम करत होती. नदीच्या पाण्याचा हिशेब मांडणारा कुठलासा प्रोग्राम तिला हवा होता. तिनं एक ओळ टाइप केली, फोनवर मैत्रिणीशी दोन वाक्यं बोलली आणि म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"इन्स्टॉल झाला. का गं?"

मी म्हटलं, "काही नाही."

"तुमच्या वेळी किती वेळ लागायचा?"

"एक उन्हाळा," मी म्हणाले. तिला ती गंमत वाटली. गंमत नव्हती.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. बनारसच्या विद्यापीठात मी संशोधन करत होते आणि पंचगंगा घाटाच्या वरच्या गलीत आमचं घर होतं. जेठ महिना. नदी आक्रसून पलीकडे सरकलेली, समोरच्या काठाची वाळू दुपारी डोळ्यांना बघवत नसे. अकरा वाजले की लू, तो पोळणारा वारा, सुटायची. घाटाच्या पायऱ्या इतक्या तापत की अनवाणी यात्रेकरू उड्या मारत खाली उतरत आणि पाण्यात पाय पडला की मोठ्यानं देवाचं नाव घेत. गल्ल्यांमध्ये मात्र ऊन पोचत नसे. तिथं दगडांना ओल असायची, आणि कुठल्या तरी खिडकीतून कच्चे आंबे भाजल्याचा वास यायचा. कुणाच्या तरी घरी पन्हं होत असायचं.

उन्हाळ्यात विद्यापीठ सकाळचं असे. मी साडेपाचला घरातून निघायची, मैदागिनपर्यंत चालत आणि तिथून टेम्पोनं. खालच्या खोलीत नानांचे विद्यार्थी तोवर संथा म्हणत बसलेले असत. नाना म्हणजे माझे वडील. आयुष्यभर त्यांनी वेद शिकवला. दहा-बारा मुलांच्या आवाजातून एकाचा एक स्वर घसरला तरी आतल्या खोलीत ओवा चावत बसलेले नाना तिथूनच "हूं" करत. मुलगा थांबे, मागे जाई, पुन्हा म्हणे. माझ्या लहानपणाचं घड्याळ म्हणजे तो "हूं" होता.

माझे मार्गदर्शक त्रिपाठी सर. उंच, किंचित वाकलेले, खादीचा बुशशर्ट आणि पायात रबरी चपला. बावीस वर्षं दर गुरुवारी सकाळी ते नावेतून अस्सीपासून राजघाटापर्यंत जात, पाच ठिकाणी थांबत आणि पाच बाटल्या पाणी भरून घेत. पाण्यात प्राणवायू किती विरघळला आहे, हे मोजण्यासाठी. त्या मोजणीच्या कापडी बांधणीच्या निळ्या वह्या त्यांच्या कपाटात ओळीनं उभ्या होत्या. थंडी, पूर, दंगल, संप, काही असो, गुरुवार चुकला नाही, असं सगळा विभाग सांगत असे. नाव चालवणारा लल्लन मल्लाह तर म्हणायचा, "गंगा मइया भूल जायँ, साहेब ना भुलिहें."

सर जूनच्या अखेरीस निवृत्त होणार होते. वह्या भरल्या होत्या, पण त्या सगळ्या आकड्यांमधून नदीचं एक चित्र कधी उमटलं नव्हतं. त्यासाठी लागणारा प्रोग्राम परदेशातल्या एका संशोधकानं त्यांच्या पत्राला उत्तर म्हणून पाठवला. नऊ फ्लॉप्या, सोबत टाइप केलेली चार पानं. पाण्याचा वेग, उष्णता, नाल्यांची घाण आणि सुरुवातीचे काही आकडे दिले की नदीच्या कुठल्याही ठिकाणी, कुठल्याही दिवशी प्राणवायू किती असायला हवा याची रेषा तो काढून देणार होता. त्या रेषेवर सरांचे बिंदू ठेवायचे आणि बघायचं, दोन्ही जुळतात का. जुळले तर माझा प्रबंध होता, आणि सरांची बावीस वर्षं.

पण फ्लॉप्यांवर आला तो चालता प्रोग्राम नव्हता. माणसानं लिहिलेला मजकूर होता, बासष्ट फाइलींत. ती एकेक फाइल यंत्राच्या भाषेत उतरवायची आणि मग सगळे तुकडे एकमेकांना जोडायचे. यालाच कंपाइल करणं म्हणत. आज हे काम कुठं तरी दूर कुणी तरी आधीच करून ठेवलेलं असतं. तेव्हा ज्याचं त्यानं करायचं.

विभागाची कंप्यूटरची खोली चौबेजींच्या ताब्यात होती. पन्नाशी ओलांडलेले, कपाळाला चंदन, तोंडात पान आणि पान थुंकायला दर तासाला बाहेर. जोडे दारात काढायचे, रजिस्टरात सही करायची आणि मगच आत. यंत्रावर त्यांच्या बायकोनं शिवलेला फुलाफुलांचा झगा असे, झालर लावलेला. सकाळी तो झगा ते इतक्या हळुवारपणे काढत की मला देवघराची आठवण यायची. "आओ बिटिया," ते म्हणायचे, "देखो आज बत्ती कितना साथ देती है."

बत्ती साथ देत नसे. बासष्ट फाइली उतरायला सव्वादोन तास लागत आणि सव्वादोन तास सलग वीज त्या उन्हाळ्यात बनारसनं पाहिली नाही. यूपीएस टीं टीं करायला लागला की दहा मिनिटं हातात उरत. कधी तेवढीही नाहीत. पण कंपाइल करण्याच्या त्या पद्धतीत एक सोय होती. ज्या फाइली उतरून झाल्या असतील त्या पुन्हा कराव्या लागत नसत, यंत्र पुढच्यापासून सुरुवात करी. मी कोळ्यासारखी रोज थोडं जाळं विणत होते. सतरा, मग एकतीस, मग अठ्ठेचाळीस. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी बासष्ट.

जोडणीची आज्ञा दिली. पडदा भरून ओळी वर सरकू लागल्या. अमुक नाव सापडत नाही. तमुक नाव सापडत नाही. थांबल्यावर खाली आकडा होता. दोनशे अकरा चुका.

त्यापुढचे बारा दिवस मला अजून एकेक करून आठवतात. पडद्यावर शेवटच्या वीस-बावीस ओळी राहत, त्याच मी वाचत होते. जे नाव सापडत नाही ते कुठल्या फाइलीत असेल ते शोधायचं, आज्ञेतला क्रम बदलून बघायचा, एखादा संच मागून पुढं घ्यायचा. चुका कधी दोनशे नऊ होत, कधी दोनशे तीस. दुरुस्त होतंय की बिघडतंय हेच कळेना. विचारणार कुणाला? फ्लॉप्या पाठवणाऱ्याला पत्र टाकलं तर उत्तर यायला महिना जाणार. आणि सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचं तर पुन्हा आठवडाभराची वीज. उतरलेल्या त्या बासष्ट तुकड्यांवर माझा जीव जडला होता. त्यांना हात लावायची छाती होत नव्हती.

दुपारी घरी परतताना टेम्पोत तोंडाला ओढणी गुंडाळून बसायची आणि मनात ती सापडत नसलेली नावं म्हणत राहायची. सर रोज एकदा खोलीत डोकावत. काही विचारत नसत. फक्त म्हणत, "पानी पीती हो न ठीक से?" त्या न विचारण्यानं मला रडू यायचं.

एका दिवशी पडद्यावरच्या त्या शेवटच्या ओळी छापून घेतल्या आणि तो कागद घरी आणला. जेवण झाल्यावर खालच्या खोलीत, फरशीवर पाणी शिंपडून, तो पसरून बसले. नाना आले, चष्मा कपाळावर ठेवून वाकून पाहू लागले.

"हे काय मांडलंयस?"

"चुका आहेत, नाना."

"किती?"

"दोनशे अकरा."

नाना हसले नाहीत. खाली बसले. कागदाला हात न लावता म्हणाले, "उषे, दोनशे अकरा चुका कोणी करत नाही. माणूस एक करतो. बाकीच्या तिच्या मागनं येतात."

"ही माणसाची नाही, मशीनची—"

"ते मला समजत नाही. पण पोरगा दहाव्या ऋचेला अडला ना, तर मी दहावी नाही बघत. तो चुकलेला असतो तिसरीला. तिथं स्वर सोडला, तरी गाडी पुढे रेटली, आणि मग दहावीला तोंडावर पडला. तुझी पहिली कुठं आहे?"

मी कागदाकडे बघितलं. वरची ओळही मधलीच होती. पडदा भरून वर निघून गेलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"पहिली या कागदावर नाही," मी म्हणाले.

"मग वाचते आहेस काय?" नाना म्हणाले, आणि पंखा फिरत नव्हता म्हणून ताडाचा पंखा घेऊन वारा घालत बसले, स्वतःला आणि अर्धा मला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला, चौबेजींनी झगा काढताच, मी यंत्राला सांगितलं की ओळी पडद्यावर टाकू नकोस, एका फाइलीत लिही. मग ती फाइल उघडली आणि अगदी वर गेले. पहिली ओळ इतर दोनशे दहांसारखी नव्हतीच. ती सांगत होती की एकतिसावा तुकडा अर्धवट आहे.

एकतीस. मला तो दिवस आठवला. यूपीएस न वाजताच बत्ती गेली होती. एकतिसावी फाइल त्याच क्षणी लिहिली जात होती. ती अर्धी लिहिली गेली, पण तिच्यावर तारीख-वेळ पडली होती, म्हणून यंत्रानं ती झाली असं धरलं आणि दुसऱ्या दिवशी बत्तिसाव्यापासून पुढं गेलं. जी नावं सापडत नव्हती त्यांची मुळं सगळी त्या तुटलेल्या अर्ध्यात होती. मी तो एक तुकडा पुसला आणि पुन्हा उतरवला. चार मिनिटं. मग जोडणीची आज्ञा. पडद्यावर काहीच आलं नाही. नुसता कर्सर लुकलुकत राहिला. काहीच न येणं म्हणजे सगळं ठीक असणं, हे त्या जगात किती सुंदर होतं! मी "चौबेजी!" म्हणून ओरडले तेव्हा ते बाहेर पान थुंकत होते. तसेच धावत आले, आणि जोडे काढायचे राहिले म्हणून परत मागे धावले.

आता मागे वळून बघताना वाटतं, आनंदानंच माझा घात केला. सोबतच्या चार पानांत स्पष्ट लिहिलं होतं की आधी दिलेलं उदाहरण चालवून बघा, आलेली उत्तरं दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहा, मगच स्वतःचे आकडे घाला. मी ते वाचलं होतं. पण बारा दिवस वाया गेले होते, जून अर्धा सरत आला होता. मी थेट सरांच्या वह्या घातल्या. रेषा आली. सरांचे बिंदू तिच्या वर-खाली बरेच विखुरलेले होते, पण रेषा रेषेसारखी होती. सरांनी तो कागद खिडकीपाशी नेला आणि खूप वेळ उजेडात धरून ठेवला. मग म्हणाले, "तो ये है." एवढंच. निरोपाच्या व्याख्यानात ते हा आलेख दाखवणार, असं त्याच दिवशी ठरलं. ड्रॉइंगवाल्यानं तो मोठ्या कागदावर काढायला घेतला.

व्याख्यान शनिवारी होतं. बुधवारी, हातात दुसरं काम नव्हतं म्हणून, मी ते उदाहरण चालवलं. दिलेलं उत्तर सात पूर्णांक काही होतं. माझं आलं सहाच्या आसपास. पुन्हा चालवलं. तेच. पहिल्या दिवसाचे आकडे तंतोतंत जुळत होते, दुसऱ्या दिवसापासून ते हळूहळू वेगळे होत जात. यंत्रानं एकही चूक दाखवली नव्हती. ते शांतपणे, आत्मविश्वासानं खोटं सांगत होतं.

सरांना सांगायचंच नाही, असंही त्या रात्री मनात येऊन गेलं. शनिवारी आलेख बघणाऱ्यांतला एकही माणूस तो तपासणार नव्हता. सरांना हार घातला जाईल, ते घरी जातील, आणि मी मागाहून सगळं दुरुस्त करून प्रबंधात बरोबर आलेख देईन. कुणाचं काय बिघडणार होतं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला, की उत्तर मला माहीत होतं हे त्यावरूनच कळायला हवं होतं.

गुरुवारी पहाटे मी अस्सीला जाऊन नावेत बसले. सरांचा नोकरीतला तो शेवटचा गुरुवार. लल्लननं नावेला नवा रंग दिला होता. पाणी खाली गेल्यानं घाटांच्या पायऱ्या उंच वाटत होत्या. दशाश्वमेधापाशी सरांनी दुसरी बाटली बुडवली, तीत दोन द्रावणांचे थेंब सोडले आणि बूच लावून ती उलटीपालटी केली. स्वच्छ पाण्यात तपकिरी ढग उतरू लागला. प्राणवायू जितका जास्त तितका तो रंग गडद. काठावर आमच्याकडच्या कुठल्या तरी गावचे यात्रेकरू गुरुजींमागून मराठी वळणाचा संकल्प म्हणत होते.

"सर, ग्राफ गलत है," मी म्हणाले.

त्यांनी बाटली खोक्यात ठेवली. मी सगळं सांगितलं. उदाहरण आधी चालवलं नाही, हेही. लल्लन वल्ही थांबवून आमच्याकडे बघत होता. नाव आपली आपण खाली वाहत होती.

"कितना गलत?"

"पता नहीं सर. क्यों गलत है, यह भी पता नहीं."

"और किसको मालूम है?"

"किसी को नहीं."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. संकठा घाट मागं पडला. मग म्हणाले, "अच्छा किया, बता दिया." आणि लल्लनला, "चलो भाई, पंचगंगा पर रोकना है."

शनिवारी सभागृह भरलं होतं. हार झाले, भाषणं झाली. सर उभे राहिले आणि म्हणाले की बावीस वर्षांचा आलेख आज दाखवायचा होता, तयारही होता, पण परवा कळलं की तो चुकीचा आहे, म्हणून आणलेला नाही. मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. पुढं बसलेल्या एका प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. सरांनी उरलेला वेळ पाण्याच्या बाटल्या कशा भरायच्या, बुडबुडा राहिला तर काय होतं, यावर बोलून काढला. चूक कुणाची, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. त्या अर्ध्या तासाएवढा लांब अर्धा तास माझ्या आयुष्यात पुन्हा आलेला नाही, आणि बनारसचा तो उन्हाळा आठवला की लूच्या आधी मला ते सभागृह आठवतं.

जुलैत सरांची खोली दुसऱ्यांना मिळाली. मी मात्र रोज जात राहिले. चौबेजींनी रजिस्टरात माझ्या सहीवरून कधी प्रश्न केला नाही. उदाहरणाचे दोन आकडे शेजारी मांडून मी बसायची. पहिला दिवस बरोबर, दुसऱ्यापासून चूक. हे मोठ्यानं पुटपुटत होते तेव्हा चौबेजी मागे उभे होते.

"बिटिया, ये प्रोग्राम कब का लिखा है?"

"बीस साल तो हो गए होंगे. क्यों?"

"तब तो पुरानी मशीन का है." त्यांनी खुर्ची ओढली. चौबेजी त्या खोलीत खुर्चीवर बसलेले मी प्रथमच पाहत होते. तरुणपणी ते कलकत्त्यात एका मोठ्या यंत्रावर होते, भोकं पाडलेल्या कार्डांच्या काळात, हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. माझ्या लेखी ते झगा काढणारे आणि जोडे काढायला लावणारे होते.

"उस मशीन में जो डिब्बा एक बार भरा, भरा रहता था," ते म्हणाले. "प्रोग्राम का कोई हिस्सा अपना काम करके चला जाए, फिर लौटे, तो अपना सामान वहीं रखा मिलता. तब के लिखने वाले इसी भरोसे लिखते थे. ये नई वाली? इधर आदमी निकला, उधर झाड़ू लग गई. लौटो तो डिब्बे में जाने किसका कचरा पड़ा है."

पहिल्या दिवशी सगळे डबे नुकतेच भरलेले, म्हणून बरोबर. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम परत येऊन कालचा आकडा शोधतो, आणि तिथं कालचं काहीच उरलेलं नाही.

कंपाइलरच्या जाड पुस्तकात, मागच्या बाजूला, ती सूचना सापडली. आज्ञेत एक शब्द वाढवायचा. मग नवं यंत्रही कुठलाच डबा रिकामा करत नाही, सगळं जसंच्या तसं राखतं. पण त्यासाठी बासष्टच्या बासष्ट फाइली नव्यानं उतरवायला हव्या होत्या. दैव असं, की त्या दिवशी शहरात कोणी मंत्री येणार होते. सकाळपासून दुपारपर्यंत बत्ती हलली नाही. चौबेजी स्टुलावर बसून मोजत होते, "पचपन... छप्पन..." आणि मी यूपीएसकडे बघत होते. उदाहरण चालवलं. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. चौबेजींनी हात जोडले, मंत्र्याला की यंत्राला, ते मी विचारलं नाही.

मग सरांच्या वह्या घातल्या. या वेळची रेषा वेगळीच होती. विखुरलेले बिंदू जवळ आले, माघातला चढ, जेठातली उतरण, पावसाळ्यातली उलथापालथ, सगळं एकामागून एक ओळखीचं दिसू लागलं. बावीस वर्षांची नदी त्या कागदावर होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला तो कागद गुंडाळून मी अस्सीजवळच्या सरांच्या घरी गेले. पाणी चढल्यानं नावा बंद होत्या. सर ओसरीत लाकडी तक्तपोसावर बसले होते. मी कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. ते चष्मा लावून डावीकडून हळूहळू बघत येऊ लागले, बोट कागदापासून इंचभर वर धरून. रेषेबरोबर बोट चढे, उतरे. मधेच एका जागी ते थांबलं.

तिथं रेषा एकदम खाली गेलेली होती, एका मेमधल्या दोन-तीन आठवड्यांपुरती. आधीच्या गुरुवारचा बिंदू तिच्याबरोबर उतरलेला, नंतरचा तिच्याबरोबर वर येणारा. मधला एकच बिंदू वर तरंगत होता, नेहमीच्या उंचीवर, जणू काही घडलंच नाही.

"हां सर, एक वो ठीक नहीं बैठता," मी घाईनं म्हणाले. "बोतल में बुलबुला रह गया होगा."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"बुलबुला नहीं था," ते म्हणाले. "उस दिन मैं गया ही नहीं था."

आतून त्यांच्या पत्नीनं कोण आलंय म्हणून विचारलं.

"साले की शादी थी. बारात से लौटा, सुबह आँख नहीं खुली. दोपहर को वही नंबर लिख दिया जो हर बार आता था. सोचा, एक गुरुवार में क्या बिगड़ता है." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "उसी हफ़्ते राजघाट की तरफ़ मछलियाँ मरी मिलीं. लल्लन के बाप ने बताया. नदी में उस दिन कुछ हुआ था, उषा. देखने वाला एक ही आदमी था, और वह सो रहा था."

"हटा दूँ, सर?" मी विचारलं.

"हटाना ही है. पर जगह भरना मत. ख़ाली छोड़ दो, और नीचे लिखो कि उस दिन पानी लिया नहीं गया. क्यों नहीं लिया गया, वह भी लिखो."

मी मान हलवली, पण माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. ते उठले, कपाटातून त्या वर्षीची वही काढली आणि ते पान न शोधता उघडलं. वही आपोआपच तिथं उघडली. त्यांनी पेन घेऊन तो आकडा एका सरळ रेषेनं खोडला, शेजारी 'नहीं गया' असं लिहिलं, खाली सही केली, आणि सहीखाली आजची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

निघताना मी नेहमीसारखी पाया पडायला वाकले. सरांनी पाय मागे घेतले.

"आज नहीं, बेटा," ते म्हणाले.

मी तरीही वाकले.